त्याच तलावावर पुन्हा कशाला? पन्नाशीतले जवळचे प्रवास

चित्रबलाक
नमस्कार. दिवाळीनंतरच्या एका रविवारी घरी सगळे जेवायला बसलो असताना जाऊबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला. तो मनातून जात नाही, म्हणून येथे मांडते आहे.

माझे वय ५१. चार वर्षांपूर्वी मुलगी शिकण्यासाठी पुण्याला गेली आणि घरातला रविवार एकाएकी मोकळा झाला. त्याच वर्षी मी कॅमेरा आणि त्याला दूरचे टिपणारी एक लेन्स घेतली, आणि तेव्हापासून हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक दुसरा रविवार मी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर घालवते. पहाटे साडेपाचला स्कूटर काढायची, तुळजापूर रस्त्याने जायचे, उजाडण्यापूर्वी काठावर बसायचे आणि नऊपर्यंत घरी परतून स्वयंपाकाला लागायचे, एवढाच तो प्रवास. जाऊबाई नुकत्याच व्हिएतनाम पाहून आल्या. त्यांचे फोटो पाहताना मीही हरखून गेले. मग माझे फोटो पाहून त्या म्हणाल्या, “तेच पाणी, तेच पक्षी. अंगात बळ आहे, हाताशी चार पैसे आहेत, मग त्याच तलावावर पुन्हा कशाला?” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, मी कुठेतरी अडकून पडले आहे, अशी त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. मला मात्र उत्तर सुचले नाही.

पहिल्या वर्षी मला काठावरचे सगळे पांढरे पक्षी बगळेच वाटायचे. दुसऱ्या वर्षी चमचा आणि चित्रबलाक वेगळे ओळखता येऊ लागले. तिसऱ्या वर्षी लक्षात आले की चित्रबलाक मासा पाहून झडप घालत नाही. तो अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून इकडून तिकडे फिरवतो आणि एका पायाने तळाचा गाळ ढवळतो. ते कळल्यापासून मी त्याच्या मागे धावत नाही, त्याचा पाय हलू लागला की कॅमेरा उचलते. हे मला एका भेटीत कधीच कळले नसते. पण एवढ्यासाठी चार हिवाळे द्यावेत का, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

तुमचे असे एखादे ठिकाण आहे का, जेथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाता? तेथे तुम्हाला काय मिळते? आणि दुसरा, व्यवहाराचा प्रश्न असा की या फोटोंचे तुम्ही पुढे काय करता? माझ्याकडे ११,००० च्या वर साठले आहेत आणि त्यांतला एकही भिंतीवर नाही.

सातरस्ता
आमचे ठिकाण म्हणजे सिद्धेश्वर तलावाची किल्ल्याकडची बाजू. रोज संध्याकाळी, गेली ११ वर्षे. कॅमेरा नाही. तटबंदीवरचे ऊन उतरेपर्यंत बसायचे आणि घरी यायचे.

बोरीकाठ
ताई, माझे उत्तर नळदुर्ग आहे. सोलापुरापासून हैदराबाद रस्त्याने तासाभराचे अंतर. आदिलशाही काळात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला गेला आणि बंधाऱ्यावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र नदीला पुरेसे पाणी आले तरच त्या धारा वाहतात, हे पुष्कळांना तेथे पोहोचल्यावर कळते. मी पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा कोरडा दगड पाहून परतलो. बायको म्हणायची की आता पुरे. पण त्या पाच खेपांमध्येच मी किल्ला पाहिला. उपळ्या बुरुजावर उन्हात बसलो, दगडांचे सांधे पाहिले, कोरड्या महालात उतरून खिडकीच्या जाड चौकटीला हात लावून उभा राहिलो.

सहाव्या वेळी धारा सुरू होत्या. खिडकीबाहेर पाण्याचा पडदा होता, अंगावर तुषार येत होते आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेले लोक माझ्या बाजूला होते आणि तेही आनंदात होते. पण मला तो दगड कोरडा असताना ठाऊक होता, म्हणून पाणी दिसल्यावर माझे डोळे भरून आले. फोटो चांगला आला नाही, लेन्सवर थेंब होते. तोच फोटो मी मोठा करून लावला आहे.

दूरदेशी
मी या धाग्यावर थोडे वेगळे बोलणार आहे, कृपया राग मानू नये. माझे वय ५८. माझ्या वडिलांना केदारनाथाच्या बाजूचे पर्वत पाहायचे होते. मुलांची शिक्षणे, मग घराचे कर्ज, मग बहिणीचे लग्न, असे करता करता ते साठीला आले. मग गुडघे गेले आणि ती इच्छा घेऊनच ते गेले. म्हणून मी आणि सौभाग्यवतींनी ५५ व्या वर्षी ठरवले की आधी चढणीची ठिकाणे पाहायची आणि सपाटीची नंतर. गेल्या वर्षी चोपत्याहून तुंगनाथाला चालत गेलो. अंतर चार किलोमीटरांच्या आसपास असले तरी मंदिर ३,६०० मीटरांहून उंचावर आहे आणि सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर चालणाऱ्या माणसाला तेथे दर पन्नास पावलांवर थांबावे लागते. वर पोहोचल्यावर सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हिप्परगा सत्तरीतही पाहता येईल. तुंगनाथ येणार नाही. तुमच्या जाऊबाईंच्या म्हणण्यात मला तथ्य वाटते. जवळचे ठिकाण आपली वाट पाहत थांबते, दूरच्या ठिकाणासाठी आपल्यालाच वेळेत निघावे लागते.

माळराखा
दूरदेशी साहेब, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले आणि तुमचा निर्णय योग्यच आहे. पण “जवळचे ठिकाण थांबते” हे वाक्य मला मान्य करता येत नाही.

माझे ठिकाण नान्नजचे माळरान. १९७९ साली येथे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. मी कॉलेजात असताना मित्राच्या मोटारसायकलवरून तेथे गेलो, तेव्हा गवतातून मान उंच करून चालणारा माळढोक पाहिला. जवळजवळ मीटरभर उंचीचा पक्षी, आणि चाल अशी की जणू गावचा पाटील शेत पाहायला निघाला आहे. माझ्याकडे उसना कॅमेरा होता, रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. चारही काढले. धुऊन आले तेव्हा प्रत्येक फोटोत गवत होते, आभाळ होते आणि मध्ये एक तपकिरी ठिपका होता. मी मनाशी म्हटले की ठीक आहे, वीस-बावीस किलोमीटरवर तर आहे, पुढच्या वेळी मोठी लेन्स घेऊन येऊ.

त्यानंतर नोकरी लागली, मुले झाली. मी पुन्हा नियमाने जाऊ लागलो तेव्हा ४४ वर्षांचा होतो. गेली १० वर्षे जातो आहे, चांगली लेन्स घेऊन जातो आहे, आणि मला माळढोक पुन्हा दिसलेला नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. गवताची जमीन नांगराखाली आली, विजेच्या तारा आल्या, तेव्हा अशा पक्ष्याला उभे राहायला जागा उरत नाही. तुंगनाथ अजून पुष्कळ काळ तेथेच असेल. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर असलेली गोष्ट मात्र निघून गेली.

तरीही मी जातो, कारण माळरान रिकामे नाही. पहिल्या भेटीत ते रिकामे वाटते, हाच त्याचा स्वभाव आहे. धाविक पक्षी दहा पावलांवर उभा असतो आणि तो पळेपर्यंत आपल्याला ढेकूळ वाटतो. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून इतका खाली तरंगत जातो की त्याची सावली त्याला चिकटलेली दिसते. काळवीट, खोकड, चंडोल, आणि नशीब असेल तर लांडगा. ते चार ठिपक्यांचे फोटो मी अजून जपून ठेवले आहेत.

दूरदेशी
माळराखा, तुमचे म्हणणे वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. मी नान्नजला एकदाही गेलेलो नाही. माझे वाक्य मी मागे घेतो. निघण्याची घाई जवळच्या ठिकाणासाठीही असू शकते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मात्र गुडघ्यांबद्दलचे मत कायम आहे.

लिपीवेडा
आमचा मुक्काम हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा संगम, हरिहरेश्वर मंदिरातले ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग, आणि संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरचा शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख. सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते आणि जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाचे मराठी वाक्य त्यात आहे. पहिल्या खेपेला मी समोरून फ्लॅश मारून फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर सपाट दगड, एकही अक्षर नाही.

ज्यांना कोरीव कामाचे फोटो काढायचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. समोरून पडलेला उजेड खोबणीतली सावली पुसून टाकतो. उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर असा पडला पाहिजे, म्हणजे प्रत्येक अक्षराची एक कड उजळते आणि दुसरी काळी राहते. दुसऱ्या खेपेला मी भाच्याला बॅटरी घेऊन एका बाजूला उभे केले आणि कॅमेरा समोर धरला. अक्षरे वर उठून आली. तिसऱ्या खेपेला उजेडाची बाजू बदलली, तेव्हा आधी न दिसलेल्या रेषा दिसल्या. आता माझ्याकडे चार दिशांच्या उजेडातले फोटो आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून मी अक्षरे लावत बसतो. हजार वर्षांपूर्वी कोणी तरी मुद्दाम “वाचणाऱ्यासाठी” लिहिले आणि मी ५३ व्या वर्षी, चष्मा पुसत, ते अक्षर अक्षर वाचतो आहे, यासारखे सुख मला दुसऱ्या कोणत्या प्रवासात मिळालेले नाही.

एक विनंती. अक्षरे उठून दिसावीत म्हणून कोणी खडू, पीठ किंवा तेल लावू नये. दगडात ते मुरते आणि पुढच्या वाचणाऱ्याचे नुकसान होते.

गच्चीवरून
मी एरवी येथे फक्त वाचते. आज लिहावेसे वाटले.

मला हिप्परग्यालाही जाता येत नाही. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला आहेत, सकाळी साडेनऊला त्यांची औषधे असतात आणि त्याआधीचे सगळे मलाच करावे लागते. आम्ही पूर्वभागात राहतो. आजूबाजूला यंत्रमाग आहेत, त्यांचा खडखडाट बंद पडला की झोप उडते, इतका तो अंगवळणी पडला आहे. आमच्या गच्चीवरून शेजारच्या अक्कांच्या कारखान्याचे आवार दिसते आणि तेथे रंगवलेले सूत बांबूंवर वाळत घालतात. मी रोज सकाळी कपडे वाळत घालायला वर जाते, तेव्हा मोबाइलवर त्या आवाराचा एक फोटो काढते. तीच जागा, तोच कठड्याचा कोपरा. कधी लाल सूत असते, कधी हिरवे, कधी नुसते बांबू असतात. पावसाळ्यात ताडपत्री असते. नंतर मी फोटोखाली तारीख आणि रंग लिहून ठेवते.

आता अशा फोटोंची दोन वर्षे झाली. अक्कांना ते दाखवले तेव्हा त्यांनी मागणी कधी मंदावली आणि कोणत्या आठवड्यात माग बंद होते, हे फोटोंवरून ओळखून सांगितले. मला ते फक्त रंग वाटत होते. याला प्रवास म्हणता येईल का, हे मला ठाऊक नाही, पण दिवसातली ती दोन मिनिटे माझी असतात.

माळराखा
ताई, याला प्रवासच म्हणायचे. कृपया ते फोटो एका ओळीत लावून येथे दाखवा.

बोरीकाठ
अक्कांनी फोटोंवरून मागणी ओळखली, हे वाचून अंगावर काटा आला.

बारीक_अक्षर
थोडे तांत्रिक लिहितो, पण ते वयाशी संबंधित आहे म्हणून अवांतर समजू नये. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे अंधूक दिसू लागते. कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीतूनही दृश्य धूसर दिसते आणि आपल्याला वाटते की लेन्स बिघडली. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांवर त्या खिडकीच्या बाजूलाच एक लहान चाक असते. आतल्या आकड्यांकडे पाहत, आकडे ठसठशीत दिसेपर्यंत ते फिरवायचे. मग चष्मा न लावताही नीट पाहता येते. मी हे चाक तीन वर्षे पाहिलेच नव्हते.

दुसरी गोष्ट सोलापूरच्या उन्हाची. फेब्रुवारी संपला की सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा हलू लागते आणि लांबच्या लेन्सने काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. तो दोष हाताचाही नसतो आणि लेन्सचाही नसतो. त्यावर उपाय दोनच आहेत, लवकर जाणे किंवा जवळ जाणे. आणि पांढऱ्या पक्ष्यामागे काळे पाणी असेल, तर कॅमेरा काळ्या भागाला भुलून उजेड वाढवतो आणि पिसे पांढरीफटक होतात. अशा वेळी उजेड थोडा उणे करावा, म्हणजे चित्रबलाकाच्या शेपटीजवळची गुलाबी छटा टिकते.

चित्रबलाक
बारीक_अक्षर, तुमचे किती आभार मानू! आत्ता उठून चाक शोधले आणि फिरवले. कपाटावरच्या डब्यांची लेबले खिडकीतून वाचता आली. ती गुलाबी छटा मला प्रत्यक्ष दिसते आणि फोटोत कधीच येत नाही, याचे दुःख मी चार वर्षे करत होते.

रोलचे_दिवस
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल बसायचा आणि चौकोनी बारा फोटो निघायचे. वडील जुन्या गिरणीत होते. वर्षाला एक रोल परवडायचा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी दोन, पंढरपूरला दोन, कोणाच्या लग्नात तीन, असे ते बारा फोटो वर्षभर पुरवून काढायचे आणि फोटो काढण्यापूर्वी सगळ्यांना दहा मिनिटे उन्हात उभे करायचे. त्या अल्बमची १४ वर्षे म्हणजे १६८ फोटोसुद्धा भरत नाहीत, काही बिघडलेही असतील. तरी आमच्या घराण्याची सगळी आठवण त्यात आहे आणि नातवंडे तोच अल्बम मागतात.

म्हणून मी नियम केला आहे की वर्षाला बारा. डिसेंबरात बसून वर्षभरातले बारा फोटो निवडायचे, छापून घ्यायचे, अल्बममध्ये लावायचे आणि मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि सोबत कोण होते ते लिहायचे. निवडताना घरात वाद होतात, पण त्या निमित्ताने सगळे फोटो पुन्हा एकदा पाहिले जातात.

जुळेसोलापूरकर
बाराचा नियम सुंदर आहे, पण चित्रबलाक ताईंनी उरलेले १०,९८८ फोटो टाकून देऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकाच तलावाचे, एकाच माणसाने, चार हिवाळे तारखेसह काढलेले फोटो म्हणजे नोंदवही आहे. कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात आला, कधी गेला, पाणी किती होते, हे सगळे त्यात आहे. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर या नोंदी फोटोंसह देता येतात आणि अभ्यासकांना त्या उपयोगी पडतात. धुरकट फोटोही चालतो, पक्षी ओळखू आला म्हणजे झाले. अल्बम घरासाठी आणि नोंद तलावासाठी, अशी वाटणी करावी. आणि सगळे एकाच डिस्कवर ठेवू नका. दुसरी प्रत करून मुलीकडे पुण्याला ठेवा.

भीमेचे_पाणी
माझे ठिकाण थोडे अवघड आहे, त्यामुळे लिहू की नको असे झाले होते.

उजनी धरणाच्या पाण्याखाली पळसदेवचे पळसनाथ मंदिर आहे. धरण भरले की ते दिसत नाही. पाणी उतरले की आधी शिखर वर येते आणि फारच उतरले की सगळे मंदिर उघडे पडते. सोलापूरची माणसे वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी रोज वाचतात. धरणाची क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातला ६३ टीएमसींहून अधिक साठा मृत धरला जातो आणि टक्केवारी फक्त वरच्या पाण्याची सांगतात, म्हणून उन्हाळ्यात आकडा उणे होतो. तो उणे आकडा वाढू लागला की मला कळते, आता मंदिर दिसेल.

माझ्या आत्याचे सासर त्या पाण्याखाली गेलेल्या भागातले. मी लहान असताना ती सांगायची की त्या अंगणात चिंच होती. पाणी उतरलेल्या वर्षी मी तिला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही मंदिरापर्यंत गेलो. तिने पायरीला हात लावला, मग बाजूला वळून कोठे काय होते ते बोटाने दाखवत राहिली. मी फोटो काढत होतो आणि त्याच वेळी मनात होते की हे दिसते आहे याचा अर्थ जिल्ह्यात पाणी नाही, माझ्या चुलत भावाची ऊस लागण जळते आहे, आमच्या नळाला पाच दिवसांआड पाणी येते आहे. ज्या वर्षी मला मंदिर दिसते ते वर्ष वाईट असते. त्यामुळे मी पुन्हा जाण्याची वाट पाहतो आणि पुन्हा जावे लागू नये अशीही प्रार्थना करतो. आत्या आता नाही. तिच्या हाताचा, पायरीवर टेकलेल्या हाताचा एक फोटो आहे.

सातरस्ता
भीमेचे_पाणी, तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत.

अक्षता_सोहळा
रोलचे_दिवस यांनी गड्ड्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी दरवर्षी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका ठरलेल्या ओट्यावर उभा राहतो. सातही नंदीध्वज समोरून जातात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे ते पेलत असतात आणि “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” हा घोष कानांत भरून राहतो. गेली १७ वर्षे मी त्याच ओट्यावरून, साधारण त्याच उंचीवरून फोटो काढतो आहे.

पाच-सहा वर्षांनी मला एक चेहरा पाठ झाला. पहिल्या फोटोत त्या गृहस्थांच्या मिशा काळ्याभोर होत्या, मग करड्या झाल्या. ध्वज तोलताना ते मान किंचित डावीकडे कलवत. एका वर्षी ते ध्वजाखाली दिसले नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण होता आणि त्यानेही मान तशीच कलवली होती. मी मिरवणुकीनंतर त्याला गाठून विचारले. तो मुलगा निघाला. वडील पाठदुखीमुळे बाजूने चालत होते. पुढच्या आठवड्यात मी निवडक फोटो छापून त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी ते जमिनीवर वर्षांच्या क्रमाने मांडले, पत्नीला हाक मारली आणि दोघे बराच वेळ ओणवे होऊन पाहत राहिले. स्वतःला ध्वज पेलताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

जाऊबाईंना सांगा, मी त्याच ओट्यावर पुन्हा जातो कारण समोरून जाणारी माणसे दरवर्षी एका वर्षाने मोठी झालेली असतात.

चित्रबलाक
मी हा धागा जाऊबाईंना वाचून दाखवला. पळसनाथाचा भाग त्यांनी स्वतः पुन्हा वाचला. मग काल त्या माझ्याबरोबर हिप्परग्याला आल्या.

खरे सांगायचे तर सकाळ फारशी चांगली नव्हती. पाण्यावर धूसर होते आणि चित्रबलाक पलीकडच्या काठाला बसले होते. जाऊबाई शाल गुंडाळून दगडावर बसल्या होत्या आणि त्या कंटाळतील म्हणून मला संकोच वाटत होता. तेवढ्यात वरून आवाज आला आणि १४ पट्टकदंब एका रांगेत पाण्यावर उतरले. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून मी त्यांना दाखवले आणि सांगितले की हे तिबेट-मंगोलियाच्या बाजूला घरटी करतात आणि हिमालय ओलांडून येथे येतात. त्यांनी विचारले, “दरवर्षी?” मी म्हटले, हो. “आणि याच तलावावर?” मी म्हटले की हेच १४ की दुसरे ते मला ओळखता येत नाही, पण चारही हिवाळ्यांत आले आहेत. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुर्बीण मात्र परत दिली नाही, नऊ वाजेपर्यंत स्वतःकडेच ठेवली.

दूरदेशी यांचेही म्हणणे मी मनावर घेतले आहे. मे महिन्यात मुलगी घरी आली की आम्ही तिघी तुंगनाथाला जाणार आहोत. चढण कशी आहे, थांबायला कोठे जागा आहे, हे कृपया कळवावे.

दूरदेशी
सविस्तर निरोप पाठवतो. गरम कपडे मे महिन्यातही न्यावेत आणि आतापासून रोज चार जिने चढावेत. आणि त्या बदल्यात माळराखा यांनी मला नान्नजला न्यावे.

माळराखा
आनंदाने. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला सात रस्ता चौकात भेटू. करड्या किंवा मातकट रंगाचे कपडे घाला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो, पाणी तुम्ही आणा.

गच्चीवरून
चित्रबलाक ताई, पुढच्या शनिवार-रविवारी नणंद राहायला येणार आहेत. त्या म्हणाल्या की सकाळचे मी पाहीन, तू कोठेतरी जाऊन ये. मला हिप्परगा पाहायचा आहे. पण साडेनऊच्या औषधाला मीच असले पाहिजे, सासूबाई दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नाहीत. तोपर्यंत परत येता येईल का? माझ्याकडे गाडी नाही.

चित्रबलाक
नऊला तुम्ही तुमच्या दारात असाल. मी पहाटे सव्वापाचला घ्यायला येते, पत्ता निरोपात कळवा. आणि निघण्यापूर्वी अंधार असला तरी गच्चीवर जाऊन त्या दिवसाचा फोटो काढून ठेवा.